उंदराची मात्रा, माणसाची कॅप्सूल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘वय रोखणाऱ्या’ कॅप्सूलच्या जाहिरातींत ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ असे ठळक छापलेले असते. कोणावर सिद्ध, किती मात्रेत आणि नेमके काय, याचा पत्ता नसतो. सध्या बोलबाला असलेल्या एनएमएनचेच (शरीरात एनएडी हा रेणू तयार करण्यासाठी लागणारे संयुग) घ्या. २०१६ साली गाजलेल्या प्रयोगात उंदरांना वर्षभर रोज किलोमागे १०० किंवा ३०० मिलिग्रॅम एनएमएन दिले. त्यांचे वजन कमी वाढले, चयापचय सुधारला. ते जास्त जगतात का, हा त्या प्रयोगाचा विषयच नव्हता. शिवाय उंदराची मात्रा माणसाला लावताना तिला ढोबळमानाने १२.३ ने भागतात. ३०० चे साधारण २४ झाले, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास दीड ग्रॅम. बाजारातली कॅप्सूल २५० किंवा ५०० मिलिग्रॅमची. (म्हणून कोणी दिवसाला सहा घेऊ नयेत, तेवढ्या मात्रेच्या वर्षानुवर्षे चाललेल्या मानवी चाचण्याच नाहीत.)

माणसांवरची २०२१ ची अमेरिकेतल्या सेंट लुईसची चाचणी हमखास पुढे केली जाते. त्यात होत्या मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, पाळी थांबलेल्या २५ स्त्रिया. मात्रा २५० मिलिग्रॅम, मुदत दहा आठवडे. स्नायूंचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, हे खरे. वजन, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, यकृतातली चरबी जिथल्या तिथे राहिली. एवढ्यावरून वय मागे गेले म्हणायचे?

द्राक्षांच्या सालीत सापडणाऱ्या रेझवेराट्रॉलची गत आणखी वाईट. २००६ मध्ये ते चरबीयुक्त खाण्यावर वाढवलेल्या लठ्ठ उंदरांना मानवले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने मेन, मिशिगन आणि टेक्सास अशा तीन ठिकाणी नेहमीच्या आहारावरच्या उंदरांना ते देऊन पाहिले. आयुष्य वाढले नाही. २०१३ मध्ये कोपनहेगनला पासष्टीच्या २७ पुरुषांकडून आठ आठवडे व्यायाम करून घेतला. रोज २५० मिलिग्रॅम रेझवेराट्रॉल घेणाऱ्यांपेक्षा नुसती औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांचा दमसास जास्त वाढला. म्हणजे गोळीने व्यायामाची कमाईच खाल्ली.

‘केस-त्वचा-नखे’वाल्या गोळ्या निरुपद्रवी वाटतात, पण तिथेच खरी फसगत होते. त्यांतल्या बायोटिन या ब-जीवनसत्त्वाची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम. या गोळ्यांत ५,००० ते १०,००० असते. पुष्कळदा लेबलवर ‘१० मिलिग्रॅम’ असे लिहितात, म्हणून आकडा लहान दिसतो. थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या अनेक तपासण्यांची रासायनिक पद्धतच बायोटिनच्या चिकटण्यावर उभी असते. रक्तात ते भरमसाट असले की टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) खोटे कमी आणि टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) खोटे जास्त येते, आणि थायरॉइड धडधाकट असलेल्याच्या हाती गोळ्यांची चिठ्ठी पडू शकते. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) खोटे कमी आले तर हृदयविकाराचा झटकाच नजरेतून सुटू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तसा इशारा दिला आहे. रक्त घेणारा ‘उपाशीपोटी आलात ना?’ एवढेच विचारतो. बायोटिनचे आपणच सांगायचे. थायरॉइडच्या तपासणीआधी ते निदान दोन दिवस बंद ठेवावे. छातीत दुखून दवाखान्यात जावे लागले तर डबीच सोबत न्यावी.

डबीवरचा एफएसएसएआयचा (भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक हा उत्पादकाचा परवाना आहे. गोळीने सुरकुत्या जातात की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक अध्यापक, पुणे