प्रयोगवही नको, प्रयोग पाहा

महोदय,

मुलांना विज्ञान अवघड का जाते, याचा अभ्यास होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने मुंबईत १९७४ साली स्थापना झाल्यापासून चालवला आहे. आमच्या जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील शाळांत आणि मुंबईच्या महापालिका शाळांत केंद्राने केलेल्या कामातून पाठ्यपुस्तकांची बोजड भाषा हा मोठा अडसर असल्याचे दिसले. म्हणजे दोष मुलांच्या डोक्यात नव्हता!

तरी आज काय दिसते? लिंबाच्या रसात निळा लिटमस लाल होतो, हे माझ्या सातवीतल्या भाचीला तोंडपाठ आहे. लिटमसची पट्टी मात्र तिने कधी हातात धरलेली नाही. प्रयोगवहीतली निरीक्षणे सगळ्या वर्गाने फळ्यावरून उतरवून घेतली, अगदी आकृतीसकट. साहित्याच्या कपाटाला कुलूप, कारण परीक्षानळी फुटली तर भरून कोण देणार, ही शिक्षकांची धास्ती. ती खोटी नाही.

शिक्षण विभागाने फुटतुटीसाठी शाळांना दरवर्षी वेगळी रक्कम द्यावी. आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी वह्या चाळण्याऐवजी कोणत्याही एका मुलीला उठवून प्रयोग करून दाखवायला सांगावा.

– एक पालक, भुसावळ