आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : नव्या सिस्टरने तक्रार कुणाकडे करायची?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी 19 वर्षं परिचारिका आहे. गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता आमची नवी सिस्टर ट्रॉलीपाशी पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल हातात धरून नुसती उभी होती. किती पातळ करायचं, याची तिला खात्री नव्हती. हे औषध तसंच शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. सीनिअर सिस्टर समोरच काउंटरवर होत्या. "त्यांना का नाही विचारलंस?" म्हटलं, तर म्हणाली, "परवा विचारलं, तर नातेवाइकांसमोर म्हणाल्या, उदगीरला एवढंही शिकवत नाहीत का?"

ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देताना, तिला मुद्दाम अर्धवट सांगतात. ऑफ मागितला की नाइट लावतात. पीजीत राहणारी पोर, ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडणार नाही या बॉण्डपायी मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयाच्या कपाटात. ती जाणार कुठे?

मीही ज्युनिअर मुलींशी अशी वागले आहे. 'आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा' हे आमच्याकडे शिस्त म्हणून खपतं. दोघींनी तीस-पस्तीस पेशंट सांभाळायचे म्हटल्यावर वरचा राग खालच्यांवर निघतो, हे खरं. पण म्हणून कुणाचा पाणउतारा करायचा?

नर्सिंग कॉलेजात असेपर्यंत या मुलीच्या पाठीशी 1999 चा रॅगिंगबंदी कायदा होता. लैंगिक छळासाठी 2013 चा कायदा आहे, नातेवाइकाने हात उगारला तर 2010 चा. सीनिअरच रोज छळत असेल तर मात्र तक्रार घेऊन त्याच इन्चार्जच्या, त्याच मेट्रनच्या (परिचारिकांच्या प्रमुखाच्या) दारात जायचं.

खासगी रुग्णालयांना लागू असलेले नर्सिंग होम नोंदणीचे नियम 2021 मध्ये बदलले आणि रुग्णहक्कांची सनद आमच्या लिफ्टशेजारी फ्रेममध्ये लागली. नोंदणी अडेल म्हटलं की व्यवस्थापन हलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच नियमांत कर्मचाऱ्यांच्या छळाची तक्रार ऐकणारी समिती बंधनकारक करा. तिच्यात रुग्णालयाबाहेरचा एक माणूस हवाच, नाहीतर ती कागदावरच राहील. ड्युटी बदलली तर कारण लेखी द्यायला लावा. आणि मुलींची मूळ प्रमाणपत्रं त्यांना परत मिळवून द्या.

आज तिची सलग सातवी नाइट आहे. आठ वाजता ती ओव्हर घ्यायला येईल.

आपली,
एक परिचारिका, पुणे