काका, थंडीत डिझेल का अडतं ते

ती. काका,
सा. नमस्कार.

जुन्या मोटरहोमचं डिझेल इंजिन कडाक्याच्या थंडीत का अडतं, हा तुमचा प्रश्न फोनवर अर्धाच राहिला, म्हणून सविस्तर लिहिते. मेकॅनिकल एफआय पंप (डिझेल दाबाने सिलिंडरकडे ढकलणारा) आणि हीटर प्लग (सुरू करताना आतली हवा तापवणारा) असलेलं १२ व्होल्टचं इंजिन धरून लिहिते आहे. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या कॉमन रेल इंजिनाला यातलं बरंचसं लागू नाही.

पाना हातात घेण्याआधी सेल्फ मारताना दोनच गोष्टी पाहा: इंजिन किती वेगाने फिरतं आणि सायलेन्सरमधून धूर येतो का. लोक आधी प्लग बदलतात, मग फिल्टर, मग बॅटरी, आणि दोष असतो अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचा ऋण खांब इंजिनाला जोडणाऱ्या केबलमध्ये.

इंजिन जड फिरत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. फिरणं मंदावलं की हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटते आणि उरलेली उष्णता थंडगार लोखंड पिऊन टाकतं. उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद जवळजवळ निम्मी होते आणि नेमकं तेव्हाच १५डब्ल्यू-४० ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं. हिवाळ्याला ५डब्ल्यू-४० बरं, ते थंडीत पातळ राहतं. बॅटरी रात्रभर विसावल्यावर १२.६ व्होल्ट दिसायला हवेत आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नयेत. बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड असेल तर मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खांबावरच टेकवा, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग गंजलंय. मोटरहोममध्ये बॅटरी इंजिनपासून लांब असते, केबल लांबलचक असतात, त्यामुळे हा दोष फार आढळतो. आणि घरातल्या दिव्यांची बॅटरी वेगळी असते. दिवे लख्ख लागले म्हणजे सेल्फची बॅटरी ठीक, असं नाही.

फिरणं चांगलं आहे पण धूर अजिबात नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. आधी पंपावरचा डिझेल बंद करायचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) पाहा: किल्ली फिरवल्यावर टिक आवाज यायला हवा, आणि सेल्फ मारतानाही त्याच्या तारेवर पुरेसं व्होल्टेज हवं. मग डिझेलकडे वळा. डिझेलमध्ये मुळातच पॅराफिन असतं, मेणबत्तीत असतं त्याच जातीचं. गार झालं की आधी डिझेल गढूळ होतं, मग मेणाचे कण फिल्टरच्या कागदावर बसून वाट बुजवतात. टाकीतलं डिझेल अजून वाहतं असतं, अडतं ते फिल्टरमध्ये. उन्हाळ्यात भरलेली टाकी घेऊन गाडी उभी ठेवली की हेच होतं.

मेण की पाणी, हे ओळखायला फिल्टरच्या तळातून काचेच्या बरणीत डिझेल काढा आणि उबदार खोलीत दोन तास ठेवा. मेण असेल तर गढूळपणा जाऊन डिझेल पुन्हा नितळ होतं. पाणी असेल तर ते तळाला वेगळा थेंब धरून बसतं, बरणी तिरकी केली की थेंब घरंगळतो. मेण असेल तर फिल्टर बदला, नवा फिल्टर स्वच्छ हिवाळी डिझेलने भरून बसवा आणि जमलं तर टाकी व लाइन उबदार जागेत आणा. गोठू न देणारं औषध मेण धरण्याआधीच टाकावं लागतं. गढूळ झालेल्या डिझेलमध्ये ते काम करत नाही. पेट्रोल मिसळू नका, त्याने एफआय पंपाचं वंगण जातं. आणि टाकीखाली पेटता बोळा तर कधीच नको.

फिल्टर स्वच्छ, डिझेल नितळ, तरी रात्रभर उभी राहिली की सुरू होत नाही? मग हवा शिरते आहे. जुने रबरी पाइप आणि ओ-रिंग थंडीत कडक होऊन आक्रसतात. डिझेल गळत नाही, पण हवा आत जाते आणि लाइन टाकीकडे रिकामी होते. पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप लावा. बुडबुडे दिसले की टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत जा. नंतर हवा काढताना सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलचे नट अर्धा आटाच सैल करा, चष्मा घाला, बोटं लांब ठेवा. सेल्फ एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये दोन मिनिटं थांबा.

पांढरा धूर ओकत फिरतंय पण पेट घेत नाही, तर डिझेल येतंय, उष्णता नाही. सगळ्या हीटर प्लगना वीज देणारी पट्टी काढा, साध्या बल्बच्या टेस्ट लॅम्पची चिमटी बॅटरीच्या धन खांबाला लावा आणि टोक एकेका प्लगला टेकवा. बल्ब लागला नाही तो प्लग गेला. एलईडीचा लॅम्प इथे फसवतो. सगळे प्लग शाबूत असतील तर पट्टीपर्यंत वीज येते का पाहा. रिले किंवा पट्टीचा फ्यूज जळलेला सापडतो. जुना प्लग गार इंजिनात जबरदस्तीने फिरवू नका, हेडमध्ये मोडला तर हेड उतरवावं लागतं. प्लग आणि वीज दोन्ही ठीक असूनही धूर पांढराच राहिला, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजा.

हीटर प्लगच्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते. तापलेल्या टोकावर ईथर अवेळी पेटतं आणि रिंगा, पिस्टन फुटतात. त्यापेक्षा ब्लॉक हीटर (इंजिन गरम करणारा घरच्या विजेवरचा हीटर) इंजिन सुरू करायच्या आधी दोन-तीन तास लावावा. तो चालतो का, हे त्याच्या वायरचा प्लग सॉकेटबाहेर काढून प्लगच्या पिनांवर ओहममध्ये मोजता येतं: २३० व्होल्टच्या १००० वॅट हीटरला सुमारे ५३ ओहम. काटा अनंतावर गेला तर आतली तार तुटली आहे.

काकूंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमची पुतणी