विमानाला दिलेल्या नकाराबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर महोदया,

सादर नमस्कार. अंदमानात आपण माझ्या धाकट्या भावावर उपचार केलेत, त्यांचे आभार आम्ही तिथेच मानले होते. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण उपचारांपेक्षाही आपण फोनवर दिलेल्या नकाराचे मोल मला अधिक वाटते आणि स्कुबा डायव्हिंगला जाणाऱ्या प्रत्येकाला त्या नकारामागचे कारण माहीत असावे अशी इच्छा आहे.

स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, लागोपाठ काही दिवस डाइव्ह केल्यानंतर शेवटच्या संध्याकाळी भावाचा खांदा ठणकू लागला आणि हाताला मुंग्या येऊ लागल्या. डाइव्ह कॉम्प्युटरने, म्हणजे खोली आणि वेळेची मर्यादा दाखवणाऱ्या मनगटी यंत्राने, दिलेली एकही मर्यादा त्याने ओलांडलेली नव्हती. प्रशिक्षकांनी तत्काळ ऑक्सिजनचा मास्क लावला, आपल्याला फोन केला आणि काही वेळातच दुखणे जवळजवळ नाहीसे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर्ट ब्लेअरहून चेन्नईचे विमान होते. शेवटच्या डाइव्हनंतर अठरा तास उलटून गेलेले असणार होते. मग जायला हरकत काय, असे मी विचारले, तेव्हा आपण शांतपणे सांगितलेत की हे तास लक्षणे नसलेल्या माणसासाठी आहेत. एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस डायव्हिंग केल्यास किमान १८ तास थांबावे, हा संकेत निरोगी माणसाचा धोका कमी करण्यासाठी आहे. ज्याला त्रास सुरू झाला आहे त्याला तो लागूच होत नाही.

इतके सांगून आपण थांबला नाहीत, हे विशेष. १८ मीटर खोलीवर दाब समुद्रसपाटीच्या २.८ पट असतो, त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो आणि वर आल्यावर तो सावकाश फुप्फुसांवाटे बाहेर पडण्याऐवजी काही वेळा शरीरातच बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो; यालाच डीकंप्रेशन सिकनेस म्हणतात. विमानाच्या केबिनमधला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असू शकतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश. तिथे असलेला बुडबुडा सुमारे एक तृतीयांशाने फुगतो आणि विरघळलेला नायट्रोजनही नव्याने सुटू लागतो. ऑक्सिजनमुळे वेदना शमली तरी बुडबुडे संपल्याची ती खूण नव्हे, हेही आपणच समजावलेत. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये या आजाराचे मूळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांत असल्याचे दाखवले होते. इतके जुने ज्ञान पर्यटकांपर्यंत अजून केवळ तासांच्या आकड्यापुरते पोहोचावे, याचे मला नवल वाटते.

हेलिकॉप्टरची चौकशी करू पाहणाऱ्या मला आपण सकाळच्या बोटीने यायला सांगितलेत, कारण बोट समुद्रसपाटी सोडत नाही. वाटेत ऑक्सिजन चालू ठेवण्याची व्यवस्थाही आपण फोनवरूनच लावून दिलीत. पुढे चेंबरमध्ये, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद कक्षात, पुन्हा १८ मीटर खोलीइतका दाब, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन, मधूनमधून साध्या हवेची विश्रांती, असे जवळपास पाच तास चालले. आपण काचेपलीकडून त्याच्याशी बोलत राहिलात आणि दर थोड्या वेळाने मुठीची ताकद आणि बोटांची संवेदना तपासवून घेत होता.

आणखी एका गोष्टीसाठी आपले ऋण मोठे आहे. भाऊ स्वतःला दोष देत होता. मर्यादा पाळूनही हा आजार होऊ शकतो, असे सांगून आपण ते ओझे उतरवलेत आणि हृदयाच्या दोन कप्प्यांमधला जन्मापूर्वीचा मार्ग बंद झाला आहे का हे तपासायला सांगितलेत. प्रौढांपैकी साधारण चौघांत एकाचा तो पूर्ण मिटलेला नसतो आणि त्यातून बुडबुडे फुप्फुसांना वगळून थेट शरीरभर जाऊ शकतात.

ती तपासणी कोल्हापुरात झाली असून अहवाल आपल्याकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे. भावाचे मित्र मालवणला डायव्हिंगला जाऊन त्याच दिवशी आंबोलीमार्गे परतण्याचा बेत करत होते. आंबोलीचा घाटमाथा सुमारे ६९० मीटर उंच आहे, हे त्याने त्यांना समजावले आणि त्यांनी मुक्काम एका रात्रीने वाढवला आहे. तो स्वतः आपले उत्तर येईपर्यंत पाण्यात उतरणार नाही.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा थोरला भाऊ
कोल्हापूर