पॉवर बँकेवरच्या चार खिडक्या उजळणाऱ्यास

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपले नाव या पत्रात नाही, कारण ते कुठेही येऊ नये असे आपणच बजावले होते. चारचौघांत आभार मानायला मात्र आपली हरकत नव्हती, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे. आमचे कार्यालय जुन्या इमारतीतून हलले, तेव्हा 20 सहकाऱ्यांना त्या वास्तूची आठवण म्हणून तिचे छायाचित्र छापलेली पॉवर बँक द्यावी असे मी ठरवले आणि तिन्हीसांजेला स्वतः काढलेला फोटो पेनड्राइव्हमध्ये घेऊन आपल्याकडे आलो. तासाभरात काम उरकेल, अशी माझी समजूत होती.

आपण फोटो उघडलात आणि आधी पाहिल्या त्या इमारतीच्या कडा. मी रस्त्यावरून कॅमेरा वर कलवून फोटो काढला होता, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या भिंती वर एकमेकींकडे झुकल्या होत्या आणि इमारत मागे रेलल्यासारखी दिसत होती. कॅमेऱ्याचा सेन्सर भिंतीला समांतर राहिला नाही की उभ्या रेषा अशा जवळ येतात, हे मला ठाऊक होते. पण एवढ्याने काय बिघडते, असे वाटत होते. आपण काही न बोलता एक पॉवर बँक उचललीत आणि पडद्यावरच्या भिंतीशेजारी धरलीत. मोठ्या चौकटीत जे खपून गेले असते, ते त्या सरळसोट कडेलगत डोळ्यांत खुपू लागले. रेषा सरळ केल्या तर गच्चीच्या टोकावरची पाण्याची टाकी कापली जाईल, हेही आपण आधीच सांगितलेत. टाकी गेल्याची मला अजून थोडी चुटपुट आहे.

मागच्या बाजूवरून आपला वाद झाला, तो मीच घातला होता. मला फोटो दोन्ही बाजूंना हवा होता आणि मागचा बारीक अक्षरांचा मजकूर झाकायला आपण साफ नकार दिलात. पुढे एका विमानप्रवासात तपासणीच्या वेळी अधिकाऱ्याने पॉवर बँक हातात घेऊन नेमका तोच मजकूर शोधला: 10,000 मिलीअँपिअर-अवर, 3.7 व्होल्ट, म्हणजे 37 वॅट-अवर. पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि साधारणपणे 100 वॅट-अवरपर्यंतच ती वेगळ्या परवानगीवाचून नेता येते. आकडाच झाकलेला असता, तर मी काय दाखवणार होतो? त्या रांगेत उभ्या उभ्या मी आपली मनोमन क्षमा मागितली.

मगावर उठवतात तसा फोटो उठवता येणार नाही का, असेही मी विचारले होते. त्याला 180 ते 200 अंश सेल्सिअसची उष्णता लागते आणि आत लिथियम-आयन सेल आहेत, एवढेच आपण म्हणालात. मग अतिनील किरणांनी जागच्या जागी सुकणाऱ्या शाईने छपाई झाली. जगातले आज शिल्लक असलेले सर्वांत जुने छायाचित्र निसेफोर निएप्सने 1826-27 च्या सुमारास घेतले. त्यातही इमारती आणि छपरेच आहेत, आणि तेही कागदावर नव्हे तर कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर, प्रकाशाने कडक होणाऱ्या डांबरासारख्या थरातून उमटले आहे. आपल्या यंत्राचा जांभळा दिवा शाईवरून सरकताना मला त्याची आठवण झाली, पण तेव्हा आपण घाईत होता.

आणि आता त्या चार खिडक्या. पॉवर बँकेच्या दर्शनी भागावर चार्ज दाखवणाऱ्या दिव्यांची चार बारीक छिद्रे होती आणि ती आकाशात येतील की भिंतीवर, याची मला पर्वा नव्हती. आपण पट्टीने त्यांतले अंतर मोजलेत, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांचे अंतर त्याच्याशी जुळेपर्यंत फोटो लहानमोठा केलात, आणि काळ्या आवरणावर रंग उठावा म्हणून जो पांढरा थर आधी द्यावा लागतो, तो नेमका त्या चार ठिकाणी वगळलात. वर फक्त पातळ पिवळी शाई ठेवलीत. पहिल्या दोन नमुन्यांत दिवा खिडकीच्या चौकटीवर सरकला, म्हणून ते आपण बाजूला टाकलेत आणि त्यांचे पैसे लावले नाहीत. तिसऱ्या नमुन्याचे बटण दाबले, तेव्हा संध्याकाळच्या त्या इमारतीत एकामागून एक चार दिवे लागले.

हे मी मागितले नव्हते आणि मला सुचलेही नसते. भेट मिळाल्यावर आमच्यातले बरेच जण फोन लावायचे सोडून नुसते बटणच दाबत बसले होते.

तिसऱ्या खिडकीमागे माझे टेबल होते, हे आपल्याला सांगायचे राहूनच गेले. चार्ज निम्म्याच्या खाली गेला की तो दिवा लागत नाही, म्हणून हल्ली मी पॉवर बँक त्याआधीच भरायला लावतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पाण्याची टाकी मागणारा ग्राहक