सही, शिक्का आणि मधली दोन वर्षे

निंगबो, चीन,
२० नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

रविवारी बोलता बोलता फोन तुटला आणि आमच्या पुण्याच्या कंपनीचा इथल्या कारखान्याशी व्हायचा करार एवढा का लांबला, हा बाबांचा प्रश्न अर्धाच राहिला. इथे व्हॉट्सअ‍ॅप सरळ चालत नाही हे तुम्हांला आता पाठ झाले आहे. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी फोनपेक्षा माझीच पंचाईत अधिक झाली होती. "एका कराराला दोन वर्षे लागतात, म्हणजे समोरच्याच्या मनात काहीतरी काळेबेरे असणार," या बाबांच्या वाक्यावर मला चटकन उत्तर सुचले नाही. ज्यांचा सारा जन्म बँकेत कर्जाची प्रकरणे तपासण्यात गेला, त्यांची शंका फोनवर दोन वाक्यांत वाटेला लावणे बरे नव्हे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते. मी इथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पंप-कव्हरचे पहिले नमुने तपासताना मला अकरा दोष सापडले. कुठे ब्लो होल, म्हणजे ओतताना हवा अडकून राहिलेले छिद्र, कुठे फ्लँजची, म्हणजे बाहेर आलेल्या कडेची जाडी कमी, एका ठिकाणी तर साच्याची सांध दिसत होती. मी ते सगळे क्रमवार लिहून, फोटो जोडून कारखान्याच्या मुख्य अभियंत्यांना ई-मेल केला आणि पुण्यात आपण रोज करतो त्याप्रमाणे त्यांच्या मालकांना व आमच्या तिघांना प्रत पाठवली. माझ्या दृष्टीने ते चोख काम होते. त्यानंतर नऊ दिवस काहीही उत्तर आले नाही. अभियंता समोर भेटले की हसून "काही अडचण नाही" म्हणायचे आणि पुढे निघून जायचे. शेवटी त्यांच्या लेखा विभागातल्या एका बाईंनी दुपारी नूडल्स खाता खाता मला अगदी हळू आवाजात विचारले, की त्या माणसाचे तुमच्याशी काही वैर आहे का? अकरा चुका त्यांच्या मालकासमोर मांडल्यावर त्यांनी उत्तर दिले तर गुन्हा कबूल केल्यासारखे होणार आणि नाही दिले तर ते निष्काळजी ठरणार. मग त्यांनी करायचे तरी काय?

दुसऱ्या दिवशी मी कागद न घेता कारखान्यात गेले, त्यांच्या यंत्राशेजारच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले आणि एकच कव्हर हातात देऊन म्हटले, "ही फ्लँज तुम्ही कशी केली असती?" त्यांनी ते उजेडाकडे धरून फिरवले, कडेवरून अंगठा फिरवला आणि बारावा दोष स्वतःच दाखवला, जो माझ्या यादीत नव्हता. नवा साचा अकरा दिवसांत तयार झाला, तोही करार व्हायच्या आधी, कोणत्याही लेखी ऑर्डरशिवाय. पुण्यात तेवढ्या कामासाठी निदान तीन टेबलांवरून कागद फिरला असता.

या साऱ्याच्या मुळाशी जो शब्द आहे तो 'मिएन्त्झ', म्हणजे चेहरा. आपल्याकडे जे नाकाचे, तेच इथे तोंडाचे. आपले नाक कापले जाते, यांचा चेहरा जातो. गंमत अशी, की चेहरा इथे दुसऱ्याला देताही येतो. त्यासाठी चिनीत जी शब्दयोजना आहे तिचे शब्दशः मराठी केले तर 'तोंड देणे' असे होते, आणि मराठीत त्याचा अर्थ नेमका उलटा! चारचौघांत समोरच्याचे कौतुक करणे, त्याची चूक एकट्यात सांगणे, त्याला माघार घ्यायला एक दार उघडे ठेवणे, हे सारे त्यात येते. आई, तुला हे शिकवायला नको. ताईकाकूंच्या लग्नात मानाची साडी कुणाला आधी द्यायची यावरून जो प्रसंग ओढवला होता, तो तू ज्या रीतीने निभावून नेलास, ती रीत मला इथल्या कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त उपयोगी पडली.

'नाही' या शब्दाचेही तसेच. इथे समोरासमोर नकार क्वचित मिळतो. 'येन्ज्यू येन्ज्यू', म्हणजे 'अभ्यास करू, पाहू' असे कुणी म्हणाले, की बहुधा विषय संपला असे समजायचे. (थोड्या वेगळ्या सुरांत हाच उच्चार 'सिगारेट आणि दारू' असा होतो, त्यामुळे साहेब 'अभ्यास करू' म्हणाले की त्यांना नेमके काय हवे आहे, यावर इथले लोक स्वतःच विनोद करतात.) पहिले काही महिने मी अशा प्रत्येक 'पाहू'ची तारीख वहीत लिहून ठेवत असे आणि आठवड्याने आठवण करून देत असे. मग एकदा लक्षात आले, की आपल्याकडे स्थळ नाकारताना 'पत्रिका जुळत नाही' असेच तर कळवतात. त्यावर 'कुठला ग्रह आडवा येतो ते सांगा' असे विचारणारा मुलीचा बाप मी तरी पाहिलेला नाही.

एकीकडचाच हिशेब मांडते आहे असे वाटू नये म्हणून त्यांची तक्रारही लिहिते. आपण मान डोलावतो ती होकारार्थी की नकारार्थी, हे यांना अजूनही उमगत नाही. आमच्या पुण्याच्या संचालकांनी एका बैठकीत तासभर मान डोलावली आणि यांनी ती संमती समजून कच्चा माल मागवला. दुसरी तक्रार अशी, की भाव ठरून हस्तांदोलन झाल्यावरही आपण 'अजून दोन टक्के बघा ना' म्हणतो. करार झाल्यावर चिनी माणूस अटी बदलायला येतो असे आपण म्हणतो, आणि भारतीयांचा सौदा संपतच नाही असे ते म्हणतात. दोघांचेही बरेचसे खरे आहे.

जेवणाचे थोडक्यात सांगते, कारण आईला त्याचीच काळजी असते. मोठे गोल टेबल, मधे फिरती काच, दाराकडे तोंड करून यजमान, त्यांच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणा आणि माशाचे डोके त्या पाहुण्याकडे. प्याला भिडवताना आपला प्याला वडीलधाऱ्याच्या प्याल्यापेक्षा खाली धरायचा असतो. दोघेही नम्र असले तर दोन्ही प्याले खाली जात जात टेबलाला टेकतात. मी दारू घेत नाही, पण 'दारूऐवजी चहा' अशी रूढ पळवाट इथल्या भाषेतच आहे आणि ती कुणी गैर मानत नाही. भावाचा विषय त्या टेबलावर निघत नाही. तो निघतो नंतर, गाडीपर्यंत सोडायला आलेले असताना, जणू सहज आठवल्यासारखा.

आता बाबांचा मुद्दा. तुम्ही कात्रण पाठवले होते, त्यात दानोन या फ्रेंच कंपनीचे आणि वाहाहा या चिनी कंपनीचे भांडण म्हणजे दोन संस्कृतींची टक्कर असे म्हटले होते. वाहाहाचे मुख्यालय हांगचौला, म्हणजे आमच्याच प्रांतात आहे, आणि इथल्या व्यापारी लोकांच्या तोंडी ती गोष्ट अजून आहे. १९९६ साली त्यांची भागीदारी झाली आणि पुढे दानोनचा वाटा ५१ टक्के झाला. परंतु 'वाहाहा' हा ट्रेडमार्क संयुक्त कंपनीच्या नावावर करायला सरकारी कार्यालयाची मंजुरी मिळाली नाही, तेव्हा परवान्याच्या कराराने वेळ मारून नेली. रोजचा कारभार संस्थापक त्सोंग छिंगहौ यांच्या हातात होता. त्यांनी भागीदारीबाहेर दुसऱ्या कंपन्या काढून त्याच नावाचा माल विकला, असा दानोनचा आरोप २००७ साली चव्हाट्यावर आला. कामगार आणि वितरक त्सोंग यांच्या बाजूने उभे राहिले, अनेक देशांत दावे चालले आणि २००९ मध्ये दानोन आपला वाटा विकून बाहेर पडली. मला यात संस्कृती फार थोडी दिसते. ज्याचे नाव दप्तरी चढलेले नाही अशा वस्तूवर भिस्त ठेवायची, कारभार दुसऱ्याच्या हाती सोडायचा आणि आपल्याकडे ५१ टक्के आहेत म्हणून निश्चिंत राहायचे, हे कोणत्याही देशात अंगाशी आले असते. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असताना कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला तुम्ही काय म्हणाला असता, ते मला माहीत आहे.

सातबाऱ्यावरून शिक्क्याकडे येते, कारण तो तुम्हांला फार आवडेल. इथे सहीपेक्षा शिक्का मोठा. कंपनीचा अधिकृत शिक्का लाल आणि गोल असतो, मधे तारा आणि कडेने कमानीत कंपनीचे नाव. करार झाला की सगळी पाने पंख्यासारखी थोडी सरकवून पसरतात आणि सगळ्यांच्या कडांवर मिळून एकच शिक्का उमटवतात, म्हणजे प्रत्येक पानावर वर्तुळाची एक चिरोटी येते. एखादे पान नंतर बदलले तर वर्तुळ जुळणार नाही. आपण प्रत्येक पानावर सही करत बसतो, त्यापेक्षा ही युक्ती किती सोपी! पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की शिक्का ज्याच्या कपाटात, कंपनी त्याच्या मुठीत. आर्म या ब्रिटिश चिप-कंपनीच्या चिनी भागीदारीत २०२० साली संचालक मंडळाने प्रमुख ॲलन वू यांना काढून टाकल्याचे जाहीर केले, तरी शिक्का आणि सरकारदरबारी नोंदलेले 'कायदेशीर प्रतिनिधी' हे पद त्यांच्याकडेच असल्यामुळे ते जवळजवळ दोन वर्षे, २०२२च्या एप्रिलपर्यंत, जागेवर राहिले. म्हणून आमच्या मसुद्यात शिक्का कुणाकडे राहील, तो वापरल्याची नोंद कोणत्या वहीत होईल आणि ती वही कोण तपासेल, याला मी एक पूर्ण कलम दिले आहे. ते वाचून मालक नाराज होतील असे वाटले होते. ते हसले आणि म्हणाले, "तुमच्या घरी कुणीतरी बँकेत असणार."

मग दोन वर्षे का लागली? बाबा, त्यातला मोठा काळ ना चेहऱ्याने खाल्ला ना 'पाहू'ने. आपल्या सरकारने एप्रिल २०२० मध्ये असा नियम केला, की ज्या देशांशी आपली जमिनीची सीमा आहे तिथून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी सरकारी मंजुरी हवी. दोनच महिन्यांनी गलवान घडले. ग्रेट वॉल मोटर्सने जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घ्यायचे २०२०च्या जानेवारीत ठरवले होते, ते तुम्हांला आठवत असेल. मंजुरी मिळाली नाही, २०२२च्या मध्यावर तो करार बारगळला आणि पुढच्या वर्षी कारखाना ह्युंदाईने घेतला. तिथे कुणी कुणाचा मान राखला नाही असे घडले नव्हते. आमच्याही प्रकरणात यांनी पुण्यात भांडवल घालायचे असा पहिला आराखडा होता. तो सोडून आता केवळ तंत्रज्ञानाचा परवाना आणि साच्यांचा पुरवठा एवढ्यावर आलो आहोत. त्यासाठी कागद पहिल्यापासून लिहावे लागले. हे मालकांना समजावताना मात्र माझी कसोटी लागली, कारण भांडवल नको म्हणणे हा त्यांना आपला अविश्वास वाटू शकत होता. मी सरकारी नियमाचे भाषांतर त्यांच्यापुढे ठेवले आणि 'आमची पत्रिका दिल्लीत अडली आहे' असे म्हणाले. दुभाषीने त्याचे काय केले देव जाणे, पण ते समजले.

तर बाबा, मनात काळेबेरे आहे का, याचे उत्तर असे, की प्रत्येक भागीदाराचा स्वतःचा फायदा असतो आणि तो यांचाही आहे. तो मी आकड्यांत पाहते, चेहऱ्यावर शोधत नाही. रीतिभातींचा उपयोग मला तो फायदा न भांडता बोलता यावा एवढ्यापुरता होतो, आणि तो काही लहान उपयोग नाही. अंतिम मसुदा डिसेंबरमध्ये वकिलांकडून येईल. वाद झाल्यास सिंगापूरच्या लवादाकडे जायचे, हे दोघांनीही मान्य केले आहे.

इथले नवे वर्ष येत्या १७ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आगेमागे कारखाने ओस पडतात, कामगार गावी जातात आणि काही परत येतच नाहीत. त्यामुळे तेव्हा मी रजा घेऊन घरी येते. कोलकात्याहून ग्वांगचौला थेट विमान गेल्या महिन्यात सुरू झाले आहे, तेव्हा परतीचा प्रवास पूर्वीइतका लांबणार नाही.

येताना न्यायच्या भेटीबद्दल. बाबांनी मालकांसाठी भिंतीवरचे घड्याळ पाहून ठेवले आहे असे आई म्हणाली. कृपा करून ते परत करा. घड्याळ भेट देणे आणि कुणाला अखेरचा निरोप द्यायला जाणे, यांचा चिनी उच्चार एकच आहे. कोल्हापुरी चपलांचाही विचार माझ्या मनात आला होता, पण पादत्राणे देणेही इथे शुभ मानत नाहीत. त्यापेक्षा गूळ बरा. मालकांची सून नुकतीच बाळंत झाली आहे आणि आपण जसे बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर देतो, तसे इथे लाल साखरेचे पाणी देतात. आपल्या गुळाची चव त्यांना परकी वाटणार नाही. बाजार समितीसमोरच्या दुकानात एकेक किलोचे रवे मिळतात, पिवळाधमक न घेता काळसर घ्यावा. सहा किंवा आठ रवे बांधून ठेवा, चार मात्र नकोत.

तुमची,
ताई