भाष्यकाराची पारख कशी करावी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

यूट्यूबवर राजकीय विश्लेषण करणारा भाष्यकार निःपक्षपाती आहे की नाही, हे ठरवताना तो कोणावर अधिक टीका करतो एवढेच बहुधा पाहिले जाते. ही कसोटी अपुरी आहे, कारण ज्याची चूक मोठी त्याच्यावर टीका अधिक होणारच.

खरी पारख करायची असेल, तर शिवसेनेतील फुटीवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी दिलेल्या निकालावरचे त्याचे भाष्य ऐकावे. बहुमत चाचणीचा राज्यपालांचा आदेश समर्थनीय नव्हता आणि प्रतोद (आमदारांना पक्षाचा मतदानाचा आदेश बजावणारा) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा असल्यामुळे शिंदे गटाच्या भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदेशीर होती, असे न्यायालयाने म्हटले. मात्र उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाताच राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार पुन्हा आणता येणार नाही, एकनाथ शिंदे यांना सरकार स्थापनेसाठी बोलावणे योग्य होते आणि आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच वाजवी मुदतीत घ्यावा, हेही त्याच निकालात आहे. यातला आपल्याला सोयीचा अर्धा भाग रंगवून सांगणारा आणि उरलेला गाळणारा भाष्यकार एकही खोटे वाक्य न बोलता श्रोत्याची दिशाभूल करतो. मला हा प्रकार उघड प्रचारापेक्षा अधिक घातक वाटतो, कारण तो सहसा पकडला जात नाही.

दुसरी कसोटी एकाच मापाची. राजस्थानात सप्टेंबर २०१९ मध्ये बसपचे सहाही आमदार काँग्रेसमध्ये गेले आणि गोव्यात सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. दोन्ही वेळी राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातील, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातील, दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाला अपात्रतेतून सूट देणाऱ्या तरतुदीचाच आधार घेतला गेला. एका घटनेला मतदारांशी द्रोह आणि दुसरीला राजकीय शहाणपण म्हणणाऱ्याने आपली बाजू स्वतःच सांगून टाकलेली असते.

भाष्यकाराला मत असणे हा मात्र दोष मानू नये. गोपाळ गणेश आगरकरांनी मतभेदांमुळे ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, तो स्वतःची सामाजिक मते ठामपणे मांडण्यासाठीच, आणि ती मते त्यांनी वाचकांपासून कधी लपवली नाहीत. भूमिका उघड असली की श्रोता सावध राहून ऐकू शकतो. तटस्थतेचा आव आणून ती झाकली की त्याची ही सावधगिरीच हिरावली जाते.

हे सारे पडताळायचे तर मूळ निकाल हाताशी हवा आणि तो इंग्रजीत, शेकडो पानांचा असतो. म्हणून आपल्या दैनिकाने अशा महत्त्वाच्या निकालांचे निष्कर्ष कोणत्याही टिप्पणीविना, क्रमाने मराठीत छापावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा